चामड्याच्या चार खोळी

कंग्राळी, ११ ऑगस्ट २०२४

अण्णा,

आधीच सांगून टाकते, शेताची वाटणी काढायला लिहिलेलं नाही. तेव्हा पाकीट फाडलंच आहेस तर पुरतं वाच. फोनवर तू मला बंद करून ठेवलंयस, मेसेजला एकच टिक येते आणि ती जन्मभर एकच राहते. नाशिकचा पत्ता आई गेली तेव्हा दिपाली वहिनीने गुपचूप लिहून दिला होता. तिच्यावर डाफरू नकोस.

आप्पांना जरा झटका आला, आषाढात. आता बरे आहेत. उजवी बाजू थोडी जड आहे, शब्द फारसे येत नाहीत, एवढंच. मी सध्या इथेच असते. खासबागेतलं शिवणाचं दुकान उघडझाप चाललंय. बायका ब्लाउज मागायला थेट कंग्राळीला येतात आणि जाताना आप्पांना बघून जातात.

लिहायचं कारण वेगळंच आहे. आप्पांची खाट सोप्यात आणायची म्हणून मी माळा रिकामा केला. वर कोपऱ्यात एक गोणपाट सापडलं. आत चामड्याच्या चार खोळी, एकात एक बसवलेल्या, बाजारातल्या पातेल्यांसारख्या. जाड तपकिरी चामडं, वर रुंद, खाली निमुळतं. पुढून उभी चीर आणि चिरेच्या दोन्ही कडांना नाडीसाठी भोकं. दोन्ही बाजूंना लोखंडी सळ्या शिवलेल्या, त्यांची टोकं खाली बाहेर आलेली, गंजलेली. गंमत म्हणजे एकाही खोळीला बूड नाही. वरून काही घातलं तर खालून पडणार.

भंगारवाला दारातच होता. त्याच्या हातात देणार, एवढ्यात आप्पांनी डाव्या हाताने ताटली खाटेवर आपटायला सुरुवात केली. "न्हाय! न्हाय! न्हाय!" हल्ली तेवढाच शब्द येतो त्यांना. चहा हवा असला तरी न्हाय, नको असला तरी न्हाय. पण असं ओरडताना मी कधी पाहिलं नव्हतं. भंगारवाला घाबरून गाडा तसाच घेऊन गेला.

मी विचारलं, "आप्पा, कशाच्या हैत ह्या?" तर माझ्याकडे बघत रडायला लागले. आई गेली तेव्हा त्यांच्या डोळ्याला पाणी नव्हतं. दगड आहे म्हणून तूच म्हणाला होतास. तो दगड चामड्याच्या खोळीसाठी रडला.

तू माझ्यापेक्षा सात वर्षं थोरला. माझ्या आधीचं काही तुला आठवत असेल. कशाच्या आहेत त्या, एवढंच कळव. पोस्टकार्ड चालेल.

रूपाली


कंग्राळी, २ सप्टेंबर २०२४

अण्णा,

पोस्टकार्ड आलं नाही. ठीक आहे.

मागच्या पत्रात "थोडी जड" असं लिहिलं होतं, ते खरं नव्हतं. उजवा हात मांडीवर ठेवला की तिथेच राहतो. उभं करायला गेलं की उजवा तळवा ओल्या फडक्यासारखा लोंबतो, बोटं जमिनीला घासतात. बेळगावातून पारमिता नावाची फिजिओथेरपीची मुलगी येते. कामाला वाघीण आहे. ती म्हणाली, "ताई, आप्पा उभे राहतील, पण ह्या सुरुवातीच्या महिन्यातच. एकदा पाय आखडला की मग खाटच." हे तुला मुद्दाम सांगतेय. पुढे म्हणू नकोस की कळवलं नाही.

आता खोळींचं. आप्पांना त्या सतत समोर लागतात. देवळीत मांडून ठेवल्यात. सकाळी उठले की आधी तिकडे बोट, मग माझ्याकडे, मग दाराकडे. काहीतरी सांगायचंय, आणि मला कळत नाही. दिवसातून कितीतरी वेळा मी त्यांच्यासमोर बसून मुकेपणाचा खेळ खेळते. "शेतातलं हाय?" न्हाय. "बैलाचं?" न्हाय. "कुणाचं द्यायचं ऱ्हायलंय?" न्हाय. हे न्हाय म्हणजे हो की नाही, तेच कळत नाही. शेवटी दोघंही दमून भिंतीकडे तोंड करतो.

म्हणून सगळ्यांना विचारत सुटले. शेजारची बाळाबाई म्हणाली, "बंदुकीची खोळ आसंल. तुझ्या आज्ज्याला शिकारीचा नाद हुता." आपला आज्जा उंदराला भिऊन कॉटवर चढायचा, हे तिला कोण सांगणार? पलटणीतून रिटायर झालेले आण्णाप्पा ठामपणे म्हणाले, "दुर्बिणीची हाय. म्या बघितलोय." मी म्हटलं, "दुर्बीण खालनं पडंल की वो." त्यावर ते बराच वेळ खोळ उलटीपालटी करत बसले आणि चहा पिऊन गेले.

एक खोळ पिशवीत घालून शहापुरात जुन्या वस्तूंच्या दुकानात नेली. त्याला त्यातलं काही ठाऊक नव्हतं, पण आवडली. म्हणाला, आत दिवा लावून हॉटेलात टांगतात अशा वस्तू, चारही द्या. परत आले तर आप्पांनी सकाळपासून घास घेतलेला नव्हता. देवळीत चौथी खोळ दिसेपर्यंत तोंड उघडलं नाही. तेव्हापासून एकही घराबाहेर नेत नाही.

माझं दुकान मापांवर चालतं, तर मी टेप लावून बघितलं. चारही खोळींचा आकार एकच, फक्त घेर आणि उंची वाढत गेलेली. लहान मुलीला दरवर्षी फ्रॉक शिवावा तशी. मला बाहीची आठवण झाली. पण इतक्या जाड बाहीत हात कोण घालणार? आतून जुन्या धोतराचं मऊ कापड लावलंय, टाके बारीक, हाताचे. आणि एक विचित्र गोष्ट. आत कुठे मळ नाही, घामाचा डाग नाही, नाडीच्या भोकांना ताण नाही. एवढ्या कष्टाने केलेल्या चारही वस्तू कुणी एकदाही वापरलेल्या नाहीत.

तुला खरंच काही आठवत नाही का?

रूपाली


कंग्राळी, २४ सप्टेंबर २०२४

अण्णा,

कळलं.

नीट क्रमाने सांगते, नाहीतर मीच गोंधळेन. काल पारमिता आप्पांसाठी पट्टा घेऊन आली. पांढरं प्लास्टिक, पोटरीच्या मागून उतरून तळव्याखाली वळतं, वर बांधायला पट्ट्या. तो घालून वरून बूट चढवला की लोंबता तळवा वर धरला जातो आणि माणूस पाऊल टाकू शकतो. ती आप्पांच्या पोटरीला तो लावायला गेली, तर आप्पांनी डाव्या हाताने तो ओढून भिंतीवर फेकला. न्हाय, न्हाय, आणि बोट देवळीकडे.

पारमिता उठून देवळीपाशी गेली. एक खोळ हातात घेतली, सळ्यांची टोकं चाचपली, आणि अगदी साधेपणाने मला विचारलं, "ताई, घरात पोलिओ कुणाला झालेला?"

मी दुसरी खोळ उचलली.

ती म्हणाली, हे जुन्या पद्धतीचं आहे, आता कुणी करत नाही. चामडं पोटरीभोवती बांधायचं, सळ्यांची टोकं बुटाच्या टाचेत अडकवायची. "ह्याचे बूट कुठं हैत?" बूट नाहीतच. माळ्यावर नव्हते, घरात कधीच नव्हते. ह्या घरात एकच असा पाय मला माहीत आहे, आणि त्याला ह्या घराने कधी बूट दिला नाही.

तुझ्या पायाच्या आहेत त्या, अण्णा. चारही. सर्वांत लहान माझ्या मनगटाहून जरा मोठी.

मी आप्पांजवळ बसले आणि विचारलं, "रवळूच्या हैत?" त्यांनी डोळे मिटले. न्हायसुद्धा म्हणाले नाहीत.

पारमिता दहा वेळा समजावून गेली. पट्टा मी उचलून पुसून ठेवलाय. पण मला काहीच उलगडत नाही. बनवून घेतल्या, तर घातल्या का नाहीत? कुणी बनवल्या? तू तर आयुष्यभर म्हणत आलास की आप्पांनी तुझ्या पायाकडे ढुंकून बघितलं नाही. ह्या पंधरवड्यात बाळाबाईला आप्पांजवळ बसवून निपाणीला गुणाबाई मावशीकडे जाते. जिवंत माणसांत आता तिलाच काही ठाऊक असेल तर असेल.

रूपाली


निपाणी, ६ ऑक्टोबर २०२४

अण्णा,

मावशीच्या ओसरीवरून लिहितेय. घरी गेल्यावर आप्पांसमोर बसून हे लिहिता येणार नाही.

मी खोळ म्हणताच मावशीने तंबाखूचा हात थांबवला. "तुला आत्ता गावल्या व्हय गं त्या? मला वाटलं तुझ्या आईनं जाळल्या आसतील."

मग सगळं सांगितलं. तू अडीच वर्षांचा असताना ताप आला आणि पाय गेला. आईने यल्लम्माला नवस बोलला. पोरगा सरळ पायाने डोंगर चढेपर्यंत त्याच्या पायाला चामडं लागू देणार नाही. अनवाणी राहण्याचं तुला माहीत आहे, मलाही. तू डांबर वितळायच्या दिवसांतही तसाच शाळेत जायचास आणि पी.टी.चे मास्तर तुला बुटाशिवाय म्हणून उन्हात उभं करायचे. मला वाटायचं नवस म्हणजे तेवढंच.

पण त्याच वर्षी आप्पा तुला मिरजेला घेऊन गेले होते. तू कडेवर होतास, तुला आठवणार नाही. तिथल्या डॉक्टरने सांगितलं, पायाला असं बांधा, पाय वाकडा वाढणार नाही, पोरगा चालेल. निपाणीत चपला करणारे एक म्हातारे होते, त्यांच्याकडून आप्पांनी पहिली खोळ करून घेतली. मावशीच्या घरी मुक्काम करून, चामडं वाळेपर्यंत. सळ्या इथल्याच लोहाराच्या. घरी आणली तर आई विहिरीच्या काठावर जाऊन बसली. "त्येच्या पायाला जनावराचं कातडं लावलासा तर मी आत उडी घेतो." देवीचा कोप होईल, दुसराही पाय जाईल, असं तिच्या मनात ठाम बसलं होतं. आप्पांनी खोळ माळ्यावर टाकली. बूट घ्यायची वेळच आली नाही.

मी म्हटलं, मग बाकीच्या तीन?

मावशी म्हणाली, "पाच-सहा वर्सं झाली की दाजी यायचा. खिशात सूत. 'माप वाढलं गुणाबाई', म्हनायचा. मी एकदा बोललो त्येला, 'दाजी, घालायची न्हाय तर करतायसा कशाला?' तर मला म्हनला, 'उद्या तिचं मन पालटलं आन त्या दिवशी खोळ ल्हान पडली तर?'"

हे ऐकून मी मावशीच्या न्हाणीघरात जाऊन रडले. आता तू सूत आठव. तूच मला सांगायचास ना, रविवारी दुपारी झोपलो की आप्पा पोटरीला सूत गुंडाळून माप घेतात आणि देवऋष्याकडे नेतात म्हणून? तू झोपलेलं सोंग घेऊन पडायचास आणि आतून जळायचास. घर सोडलंस त्या दिवशी, अंगणात नवे बूट घालून उभा राहून, तेच ओरडलास. "सूत घेऊन भगतामागनं फिरलासा, पर एकदा डॉक्टरला दाखिवला न्हाईसा!" मी दाराआड होते. आप्पा मान खाली घालून उभे होते आणि आई शेजारी होती. आता कळतं. तोंड उघडलं असतं तर सगळं तिच्यावर गेलं असतं. तिच्या देखत, तिच्या लेकाच्या तोंडून.

मी आप्पांची वकिली करत नाहीये. मला त्यांचा रागच आलाय. चारदा निपाणी गाठायची हिंमत होती, तर एकदा आईचा हात धरून तिला घरात बसवून तुझ्या पायाला ती बांधायची का नव्हती? नवस देवीचा, विहीर आईची, पाय तुझा, आणि हे शहाणे सुताने मापं घेत बसले. आईवरही राग काढता येत नाही, तीही शेवटपर्यंत अनवाणीच राहिली. तिच्या टाचांच्या भेगांत मीच मेण भरायची. तिला वाटायचं ती तुझ्यासाठी चालतेय. सगळ्यांना तुझंच भलं हवं होतं, अण्णा, आणि तुझा पाय मात्र गेला.

हे तुला कळावं असं वाटलं, आणि कळून काय होणार तेही समजत नाही.

रूपाली


कंग्राळी, २० ऑक्टोबर २०२४

अण्णा,

पट्टा अजून तसाच आहे. रोज सकाळी मी तो आप्पांसमोर धरते, ते देवळीकडे बोट करतात, मी पट्टा खाली ठेवते. पारमिताने रागावून पाहिलं, लाडीगोडी लावून पाहिलं. एकदा ती आणि मी मिळून जबरदस्तीने बांधला, तर आप्पांनी पाय इतका गदागदा हलवला की खाटेवरून पडता पडता राहिले. वासराला वेसण घालताना करतात तसं आपण बापाला करतोय, असं वाटून मीच सोडला.

मला आता त्यांचं बोट वाचता येतं असं वाटतं. लेकाच्या पायाला बांधलं नाही, ते मी माझ्या पायाला बांधू? असं काहीतरी. चुकतही असेन. विचारलं तर उत्तर एकच आहे.

मी म्हटलं, "अण्णाला सगळं लिहिलंय. तुमच्यावर राग न्हाय त्येचा." ही शुद्ध थाप होती. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की त्यांना थापही कळली आणि मी ती का मारली तेही. पारमिता जाताना म्हणाली, "पोटरी कडक व्हायला लागलीय, ताई. तुमच्या भावाचं ऐकतील काय बघा." मी हसले. भाऊ माझंच ऐकत नाही, हे तिला काय सांगू.

ह्या पत्राबरोबर सर्वांत लहान खोळ पाठवतेय, पार्सलने. तू म्हणशील घराबाहेर नेऊ देत नाहीत ना? पाकिटावर तुझं नाव लिहिताना त्यांच्यासमोर धरलं. बराच वेळ अक्षरांकडे बघत होते. मग डाव्या हाताने स्वतः खोळ माझ्याकडे सरकवली.

आतलं धोतराचं कापड बघ. टाके त्यांचेच आहेत, मावशी म्हणाली. चामडं मऊ पायाला टोचू नये म्हणून रात्रंदिवस बसून शिवले. मी आयुष्य शिवणात काढलं, आप्पांना सुई धरता येते हे मला आता कळतंय.

ये, असं लिहिणार नव्हते. लिहिते. ये. तू त्यांच्या हातात तो पट्टा दिलास तर ते घालतील. मला दुसरा काही उपाय सुचत नाही.

रूपाली


कंग्राळी, १७ नोव्हेंबर २०२४

अण्णा,

तुझं पार्सल मिळालं. दिवाळी होऊन गेल्यावर.

पोस्टमनने दारात दिलं तेव्हा वाटलं, न घेताच परत पाठवलंस. मग बघितलं तर खोका दुसरा होता आणि पत्ता तुझ्या अक्षरात. आत तीच लहान खोळ. चिठ्ठी नाही. खोळीच्या पोटात हात घातला तर सुताचा गुंडा लागला. पांढरं सूत, दोन टोकांजवळ दोन गाठी. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. मापाचं सूत मी ओळखते. आप्पाही.

तू ते कसं पाठवलंस, मला कळत नाही. रागाने, की माफ करून, की बघा काय उरलंय ते म्हणून? एक ओळ लिहिली असतीस तर तुझं काय गेलं असतं?

आप्पांनी ते माझ्या हातातून घेतलं. चारही खोळी मांडीवर मागून घेतल्या. एका हाताने सूत गुंडाळता येईना, म्हणून मी धरलं. आधी सर्वांत मोठी घेतली, तू घर सोडायच्या आधीच्या वर्षी केलेली. गाठीला गाठ भिडली नाही, सूत बरंच अपुरं पडलं. मग तिसरी. तिलाही नाही. आप्पांनी दुसरी पुढे ओढली. तिला गाठीवर गाठ बरोबर बसली.

दुसरी खोळ तू चौथीत असताना केली होती, असं मावशी म्हणाली होती. सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाची पोटरी झिजून परत चौथीतल्या पोराएवढी. तू फुलपँट का कधी दुमडत नाहीस, आईच्या वेळी स्मशानात सगळे पाय धुवायला नदीत उतरले तेव्हा तू काठावर बूट घालून का उभा राहिलास, ते मला परवा कळलं. लोक तुला आखडू म्हणाले होते. मीही म्हणाले होते.

आप्पा त्या गाठीकडे बघत राहिले. मग मोठी खोळ आणि तिसरी खोळ त्यांनी खाटेवरून खाली ढकलून दिल्या. "न्हाय", म्हणाले. मोठ्याने नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला त्या शब्दाचा अर्थ नक्की कळला.

नंतर मी पट्टा समोर धरला. त्यांनी फेकला नाही आणि घेतलाही नाही. तोंड भिंतीकडे केलं. पारमिता काल येऊन पोटरी दाबून गेली. पुढच्या आठवड्यापासून यायचं की नाही ते मलाच ठरवायला सांगितलंय. मी काय ठरवू? पाय त्यांचा, ऐकणार ते तुझं, आणि तू नाशिकला. मी दोघांच्या मध्ये सूत धरून बसलेय.

सूत त्यांच्या मुठीत आहे. झोपले तरी सुटत नाही. सोडवायला गेले तर बोटं आवळतात, त्याच डाव्या हाताची.

आपल्या सोप्याला शेणाची जमीन होती म्हणून आई चपला बाहेर काढायला लावायची. आता फरशी आहे, पुसली की झालं. तू येशील तेव्हा उंबऱ्याशी थांबू नकोस आणि वाकूही नकोस. बूट घालूनच आत ये.

रूपाली